नातवाच्या शाळेतला पोलीस: एका निवृत्त फौजदाराचा अभिप्राय

हवालदार म्हणून लागलो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सातारा-सांगलीकडेच. सध्या मुक्काम लेकीकडे, डॅलसजवळ. नातू सातवीत. त्याच्या शाळेत रोज एक पोलीस असतो, कमरेला पिस्तूल आणि छातीवर कॅमेरा. मुलाबाळांसह टेक्सासला येऊ घातलेल्या आपल्या मंडळींसाठी या सेवेबद्दल लिहितो.

माणूस कामाचा आहे. सकाळी गाड्यांच्या रांगेत हात हलवत उभा राहत नाही. बाजूची दारं एकेक करून ओढून पाहतो, कुलूप खरंच लागलंय का. याला कारण टेक्सासमधलंच युव्हाल्डी गाव. २४ मे २०२२ला तिथल्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोर आत शिरला ते दार लोटलेलं होतं, पण कुलूप लागलेलं नव्हतं. त्या शाळांचं स्वतःचं पोलीस दल होतं, तरी त्याला गाठायला पोलिसांनी ७७ मिनिटं लावली. खाकी घातलेल्या कुणालाही हे वाचून मान खाली घालावी लागेल. टेक्सासच्या २०२३च्या कायद्याने आता प्रत्येक सरकारी शाळेत सशस्त्र अधिकारी हवाच. माणूस किंवा पैसा नसेल तर पर्यायी व्यवस्था करावी लागते.

मला सगळ्यात पटलं ते टेक्सासच्या कायद्यातलं २०१९चं कलम. पोरगं उशिरा आलं, उलट बोललं, वर्गात दंगा केला, तर ती रोजची शिस्त पोलिसाच्या गळ्यात मारायची नाही. ते मुख्याध्यापकांनी निस्तरायचं. आपल्याकडे ‘थांब, पोलिसांना बोलावते’ म्हणणाऱ्या बाईंना हे वाचायला द्यायला हवं.

पाचपैकी साडेतीन देतो. कापले ते झडती आणि चौकशीचे.

परवा व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) संशयावरून उपमुख्याध्यापिकांनी काही मुलांची दप्तरं तपासली, आमच्या नातवाचंही. पोलीस दाराला टेकून उभा. निघालं काय, तर डब्यातला अर्धा पराठा. आता कायदा बघा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५मध्ये ठरवलं की शाळेच्या माणसाला वाजवी संशय पुरे, वॉरंट नको. पोलीस स्वतः तपास करत असेल तर साधारणपणे त्याहून भक्कम कारण लागतं. मग दप्तर उघडणार बाई आणि बघणार पोलीस, तर झडती कुणाची? पंचनाम्यावर सही कुणाची, असं मी जावयाला विचारलं. तो हसला. पण अशा जोडकामाबद्दल इथल्या कोर्टांचंही एकमत नाही.

चौकशीचं त्याहून नाजूक. मूल ताब्यात असेल तर त्याच्या लेखी जबाबावर सही मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी लागते आणि तेव्हा पोलीस खोलीत नसतो. उत्तम! आमच्याकडे जबाबाचा कागद कसा तयार व्हायचा ते इथे लिहीत नाही. पण ताब्यात घेतलंच नाही, नुसतं व्हरांड्यात ‘काय रे, कोणी आणलं होतं?’ म्हणून विचारलं, तर यातलं काहीच लागू नाही. ताब्यात होता की नव्हता हे ठरवताना मुलाचं वय धरावं, असं सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये सांगितलंय खरं, पण ते पुढे कोर्टात. रोज टाळी देणारा काका आणि तपास करणारा अंमलदार एकच, हे बारा वर्षांच्या पोराला कसं कळावं?

आपला भारतातला २०१५चा बाल न्याय कायदा या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी, मुलाशी बोलताना साधे कपडे, बेडी नाही, लॉकअप नाही. (पाळतात किती, ते सोडा. माझा साधा शर्ट जीपमध्ये असायचा.)

पालकसभेत मी शाळेच्या या पोलिसाला विचारलं, मुलाशी बोलण्याआधी घरी फोन करता का? त्याने सरळ सांगितलं: ताब्यात घेतलं तर लगेच कळवतो, नुसतं विचारायचं असेल तर बंधन नाही. उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून अर्धा गुण जास्त दिलाय. सभेत वाटलेल्या पत्रकात मात्र ड्रिलपासून पार्किंगपर्यंत सगळं, हेच नाही.

नातवाला दोन वाक्यं पाठ करून घेतली: ‘मी जाऊ का?’ आणि ‘आईला बोलवा.’ पत्रकात ही माहिती घाला, असं लेकीने शाळेला लिहून दिलंय. अजून उत्तर नाही.