दहा महिने, एक खण आणि दर बुधवार: कॉमिक्सच्या दुकानातील ‘पुल लिस्ट’चा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या गावात, किराणा दुकान आणि लॉन्ड्री यांच्या मधल्या एका अरुंद गाळ्यात कॉमिक्सचे दुकान आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी तेथे ‘पुल लिस्ट’ सुरू केली. हे लिहिताना, ऑगस्ट २०२५ मध्ये, तिला दहा महिने पूर्ण होत आहेत. हा अनुभव एखाद्या विशिष्ट कॉमिकचा नसून नवे अंक विकत घेण्याच्या या पद्धतीचा आहे.

ही पद्धत मराठी वाचकाला समजावून सांगणे अवघड नाही. दिवाळी अंकांची यादी आपण पेपरवाल्याकडे आधीच देऊन ठेवतो आणि तो आपल्या नावाचा गठ्ठा बाजूला काढून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे: हव्या त्या मालिकांची नावे दुकानात नोंदवायची आणि त्यांचे नवे अंक दुकानदार आपल्या नावाच्या खणात राखून ठेवतो. फरक इतकाच की माझ्या दुकानात आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत, आणि ही दिवाळी वर्षातून एकदा न येता दर बुधवारी येते. अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी विक्रीला ठेवण्याचा प्रघात जुना आहे. डीसी या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये आपला दिवस मंगळवारवर नेला होता, पण २०२४ च्या जुलैपासून तीही बुधवारवर परतली. त्यामुळे आता आठवड्यातून एकच फेरी पुरते. नोकरी करणाऱ्या माणसासाठी ही सोय किरकोळ नाही.

मी नाव नोंदवले ते मात्र सोयीसाठी नव्हे, तर हात हलवीत परत यावे लागले म्हणून. डीसीच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ या नव्या मालिकेचा पहिला अंक ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आला. त्यातील ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, नेहमीसारखा वाडा नाही, वडिलोपार्जित संपत्ती नाही. तो साध्या घरातला, शहरासाठी काम करणारा अभियंता आहे. एवढे वाचूनच मला तो अंक हवा होता. कार्यालय सुटल्यावर सहाच्या सुमारास दुकानात पोहोचलो, तेव्हा त्याची जागा रिकामी होती. पुढे हा अंक अनेकदा पुन्हा छापावा लागला आणि मला दुसऱ्या छपाईची प्रत मिळाली, पण त्या संध्याकाळी काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे एक छापील कार्ड पुढे सरकवले आणि म्हणाले, “नाव लिहा. पुढचा अंक तुमच्या खणात असेल.” तो खरोखरच होता.

अंक संपला तर दुकानदार आणखी मागवत का नाही, हा प्रश्न मला पहिले दोन महिने पडत असे. उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे. पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर विकली जात आणि न खपलेल्या प्रती परत करता येत. १९७०च्या दशकात फिल सूलिंग या कॉमिक्स विक्रेत्यांनी प्रकाशकांशी वेगळा व्यवहार ठरवला. त्यानुसार दुकानाला अधिक सवलत मिळते, पण प्रती सहसा परत घेतल्या जात नाहीत. आजची कॉमिक्सची दुकाने याच व्यवहारावर उभी आहेत. दुकानदाराला साधारण दोन महिने आधी मागणी कळवावी लागते आणि अंक येण्याच्या तीन-चार आठवडे आधी आकडा कायमचा ठरतो. जास्त मागवले तर माल त्याच्या गळ्यात पडतो. कमी मागवले तर माझ्यासारखा माणूस रिकाम्या हाताने परत जातो. पुल लिस्ट ही ग्राहकाची सोय म्हणून सांगितली जात असली, तरी खरे पाहता ती दुकानदारासाठी अंदाजाचा आधार आहे. हे समजल्यावर यादीत एखादे नाव घालताना मी अधिक विचार करू लागलो, कारण मी न उचललेला अंक त्याच्याच खिशातून जातो.

त्यातच या दुकानांच्या पुरवठ्याची घडी गेल्या पाच वर्षांत पुरती बदलली आहे. एके काळी मोठ्या प्रकाशकांचा जवळजवळ सगळा माल डायमंड या एकाच वितरकाकडून येत असे. २०२० मध्ये डीसी तेथून बाहेर पडली, २०२१ च्या ऑक्टोबरपासून मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनसंस्थेचे अंक पेंग्विन रँडम हाऊस या पुस्तक प्रकाशकाकडून येऊ लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मिळावे म्हणून अर्ज केला. ग्राहकाच्या बाजूने याचा अर्थ एवढाच की दुकानात मंगळवारी वेगवेगळ्या ठिकाणांहून खोकी येतात, वेगवेगळ्या याद्यांशी ताडून पाहावी लागतात आणि रात्रीतून शेकडो खणांत वाटावी लागतात. बुधवारी सकाळी दुकानातील मंडळी थोडी त्रासलेली दिसली, तर त्यांना दोष देऊ नये. मी आता संध्याकाळीच जातो.

मी चार मालिकांपासून सुरुवात केली. जानेवारीपर्यंत त्या अकरा झाल्या होत्या. या पद्धतीतील खरा सापळा हाच आहे, आणि तो दुकानाने लावलेला नसून आपल्या स्वभावातला आहे: प्रत्येक नवा पहिला अंक कार्डावर लिहिताना फुकट वाटतो, कारण पैसे दोन महिन्यांनी जाणार असतात. फेब्रुवारीत माझ्या खणातून चौदा अंक निघाले. बहुतेकांची किंमत ४.९९ डॉलर होती. दुकानाची दहा टक्के सवलत वजा करून आणि विक्रीकर धरून मी सुमारे ६७ डॉलर मोजले. त्यांतील पाच अंक मे महिन्यापर्यंत पिशवीतून बाहेरही निघाले नव्हते. मार्व्हल किंवा डीसीच्या नेहमीच्या अंकात कथेची पाने वीसच्या आसपास असतात, म्हणजे एक अंक चहाच्या एका कपात संपतो. सहा अंकांचे मिळून तीस डॉलर होतात, तर तोच मजकूर काही महिन्यांनी एकत्रित पुस्तकाच्या रूपात बहुधा वीस डॉलरच्या आत मिळतो. केवळ कथा वाचायची असेल, तर पुस्तकासाठी थांबणे केव्हाही स्वस्त पडते.

तरीही मी यादी बंद केली नाही, आणि याचे कारण ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ ही मालिका आहे. मार्च २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझी खरेदी पाहून एक प्रत न विचारता बाजूला ठेवली आणि “आवडली नाही तर परत ठेवा” असे सांगितले. तिचे चित्रकार हाविएर रॉड्रिगेझ यांची रंगसंगती मी दुकानात उभ्या उभ्याच पाहिली आणि अंक घेतला. मालिका सहा अंकांची जाहीर झाली होती, पुढे ती बारा अंकांपर्यंत वाढवण्यात आली. पहिल्या अंकांना मिळणारी मागणी मालिकेचे आयुष्य ठरवते, असे दुकानात नेहमी बोलले जाते. पुस्तकाची वाट पाहणारे सगळेच थांबले, तर कदाचित पुस्तक निघण्याजोगी मालिकाच उरणार नाही.

दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. एक मालिका बंद होऊन नव्या क्रमांकाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा माझे नाव नव्या यादीत आपोआप गेले नाही आणि पहिला अंक हुकला. दुकानाच्या संगणकात ती वेगळी मालिका धरली जाते, असे मला नंतर समजावण्यात आले. नियम म्हणून ते ठीक आहे, पण कार्ड भरताना हे सांगायला हवे होते. दुसरी तक्रार मुखपृष्ठांची. एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठे निघतात आणि जाड कागदाचे पर्यायी मुखपृष्ठ अनेकदा एका डॉलरने महाग असते. नेहमीचे संपले म्हणून दोनदा माझ्या खणात महागडे ठेवले गेले. आता कार्डावर मी ठळक अक्षरांत ‘फक्त मूळ मुखपृष्ठ’ असे लिहून ठेवले आहे, आणि त्यानंतर चूक झालेली नाही. ज्यांना ही पर्यायी मुखपृष्ठे गोळा करण्याची हौस आहे, त्यांचे गणित निराळे असते. काही मुखपृष्ठे तर दुकानाने साध्या पंचवीस प्रती मागवल्यावर एकच मागवता येते या हिशोबाने मिळतात आणि तशीच महाग विकली जातात. मला त्यात रस नाही.

अंकांची स्थिती मात्र समाधानकारक आहे. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत पुठ्ठ्यासह मिळतो. कोपरा दुमडलेली प्रत दहा महिन्यांत एकदाच आली आणि ती काही न विचारता बदलून दिली गेली. साताऱ्यात लहानपणी फिरत्या वाचनालयातून आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाला बहुधा शेवटचे पान नसेच, त्यामुळे कोऱ्या कागदाचे हे लाड मला अजूनही थोडे अतिरेकी वाटतात.

मेच्या पहिल्या शनिवारी, ३ तारखेला, फुकट कॉमिक्स वाटण्याचा वार्षिक दिवस होता. २००२ पासून चालत आलेल्या या उपक्रमासाठी मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. रांग लॉन्ड्रीच्या पुढे गेली होती. प्रत्येकी दोन अंक मिळाले आणि आम्ही चार विकत घेऊन आलो, म्हणजे दुकानाचा हिशोब बरोबर होता.

सध्या माझ्या यादीत पाच मालिका आहेत. दुकानाची सवलत पाचपासूनच लागू होते, त्यामुळे आकडा त्याखाली नेण्यात अर्थ नाही, आणि नवे नाव घालायचे असल्यास एक जुने खोडायचे असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ज्यांचे दुकान वाटेवर आहे आणि जे महिन्यातून किमान दोनदा तेथे जाऊ शकतात, त्यांनी तीन मालिकांपासून सुरुवात करण्यास हरकत नाही. अर्धा तास गाडी हाकून जावे लागत असेल, तर पुस्तकाची वाट पाहावी. मालिका बंद करायची असल्यास ते दुकानाला महिनाभर आधी कळवावे. मी फेब्रुवारीत कंटाळून पाच नावे एकदम खोडली, तरी त्यांचे पुढचे अंक एप्रिलपर्यंत माझ्या खणात येत राहिले, आणि ते सगळे मी घेतले.