शाळेच्या पाण्यासाठी आरओ, यूव्ही की जार? आधी गच्चीवर जाऊन या

गेल्या वर्षी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक विक्रेता आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा तपकिरी काढा झाला, आरओचं पाणी मात्र नितळ. एक आई घाबरून म्हणाली, "हे पाजतो आपण पोरांना?" खरं तर तो गंज कांडीचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि ग्लासात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, इतकंच. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, याचा त्या खेळाशी काडीचा संबंध नाही. तरी त्या दिवशी हात वर करून मतदान घेतलं असतं तर आरओ एकमताने मंजूर झाला असता.

म्हणून तुमच्या शाळेत हा विषय निघाला असेल, तर यंत्रांची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि पाणी कुठून येतं ते विचारा. पुण्यात याची उत्तरं दोन आहेत.

शाळा सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला असेल, तर पाणी खडकवासला धरणसाखळीतलं, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघरचं. हे पाणी मवाळ असतं. त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, साधारणपणे लिटरला 200 मिलिग्रॅमच्याही आत भरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 पर्यंतचं पाणी चांगलं धरलंय. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये हाच आकडा धरून, त्याखालच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी आणा, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. आता 150 टीडीएसच्या पाण्यातून आरओने काढायचं तरी काय?

दुसरं पुणे 2017 मध्ये महापालिकेत आलेल्या 11 आणि 2021 मध्ये आलेल्या 23 गावांचं. वाघोली, उंड्री, पिसोळी या बाजूच्या शाळांना टँकर आणि बोअरवर भागवावं लागतं. काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं, नळांवर पांढरे थर चढतात. तिथे आरओचा विचार रास्त आहे, पण आधी क्षार, कठीणपणा आणि नायट्रेट तपासून घ्या. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांच्या यंत्राने, जात नाही, उकळूनही जात नाही, आरओने बरंच कमी होतं.

आता यंत्रं शेजारीशेजारी ठेवू. आरओ क्षार काढतो, जंतूही अडवतो, पण पाणी वाया घालवतो. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत जातं. मोठ्या यंत्रात प्रमाण बरं असतं, तरी 600 मुलांच्या शाळेला रोज 600 लिटर शुद्ध पाणी हवं असेल तर साधारण तेवढंच फेकावं लागतं. टँकर विकत घेणाऱ्या शाळेने हा हिशेब कागदावर मांडावा. यूव्ही क्षारांना हात लावत नाही, फक्त जंतू निकामी करतो. पाणी वाया जात नाही, मात्र ते स्वच्छ असावं लागतं, कारण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. वीज गेली की यंत्र बंद. सोबत यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीची, जाळी असेल तर गढूळपणा अडतो. महापालिकेचं पाणी येणाऱ्या शाळेसाठी माझं मत यूव्ही आणि यूएफच्या जोडीला आहे.

दोघांचा एक दोष समान आहे आणि तो विक्रेता सांगत नाही. यंत्रातला कार्बन क्लोरीन खातो. म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्याला पुढे कोणतंच संरक्षण उरत नाही. ते स्टीलच्या कूलरमध्ये शनिवार-रविवार पडून राहिलं, तर सोमवारी पहिल्या तासाला मुलं काय पितात?

जारबद्दल थोडक्यात. 600 लिटर म्हणजे रोज 30 जार. जार 30 रुपयांना धरला तरी दिवसाला 900, शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 1,98,000 रुपये. त्यातून निळ्या-पांढऱ्या थंड जारवर ना सील असतं, ना परवाना क्रमांक, ना भरल्याची तारीख. पाणी येत नाही त्या दिवसापुरता सीलबंद जार ठीक. रोजची सोय म्हणून मी त्याच्या विरोधात आहे.

चौथा पर्याय सगळ्यात स्वस्त, म्हणून त्यावर बैठकीत कोणी बोलत नाही: टाकी आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा संशय पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. टीडीएस मीटरला असा जंतू दिसत नाही, आकडा 90 दाखवूनही पाणी दूषित असू शकतं. अशा जंतूला क्लोरीन मारतं, अट एवढीच की ते शेवटच्या नळापर्यंत पोचलं पाहिजे, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. हे पाहायला ओटी चाचणीची छोटी बाटली पुरते: थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, क्लोरीन आहे. नववीची मुलं हे विज्ञानाच्या तासाला करू शकतात. कमी निघालं तर 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम टीसीएल पाण्यात कालवायची, वरचं निवळ टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं.

आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा एका टाकीचं झाकण दोरीने बांधलेलं होतं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नव्हती. आत कबुतराची पिसं. खाली व्हरांड्यात मात्र देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेला चकचकीत कूलर. टाकी धुण्यासाठी देणगी मिळत नाही, कारण पाटी लावायची कुठे?

कागदाचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच सर्व मुलांना सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हवं असं लिहिलंय. तपासणीच्या वेळी यंत्राची पावती उपयोगाची नाही, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो: 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य. नमुना मुलं पितात त्याच नळाचा घ्या. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली अजिबात विसळू नका, तिच्यात क्लोरीन थांबवणारं औषध असतं आणि आमच्या शिपाईमामांनी पहिल्यांदा ती प्रेमाने तीनदा धुतली होती. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

शेवटी आम्ही दोन जागी यूव्ही-यूएफ बसवलं, टाकीला नवं झाकण आणि जाळी लावली, धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवली. सोमवारी शाळा भरण्याआधी कूलर पूर्ण रिकामा करून भरायचं काम मामांकडे आहे. दिवाळीनंतर ते रजेवर असतात, तेव्हा कोण करणार, हे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.