सांगलीत दारात लावायला अनंत (गार्डेनिया) की कुंती (कामिनी)?

कृष्णाकाठची काळी, चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी, सांगलीत अनंताचं घोडं इथेच अडतं. त्याला आम्लधर्मी माती हवी, सामू (पीएच) ५.५ ते ६.५. नाहीतर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, त्यातलं लोह चुनखडीत अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही मुळांना मिळणारं लोह, द्या. त्यापेक्षा १४ इंची कुंडी बरी: तांबडी माती, कोकोपीट, कुजलेलं शेणखत समप्रमाणात, जागा दुपारी सावली येणारी. उन्हाळ्यात पाणी चुकलं की टपोऱ्या कळ्या गळतात. महाबळेश्वरकडच्या तांबड्या मातीत मात्र अनंत जमिनीतच खुशाल लावा.

वास अनंताचाच भारी, तरी सांगलीच्या जमिनीत लावायची ती कुंतीच. मुळं धरल्यावर मे महिन्यातही आठवड्याला एक-दोनदा भरपूर पाणी पुरतं. ताणानंतर पाणी मिळालं की झाड फुलांनी पांढरंशुभ्र होतं, पण बहर दोन-चार दिवसांचाच. कुंपणाला दोन-अडीच फुटांवर रोपं, छाटणी बहर ओसरल्यावर. लिंबू-मोसंबीशेजारी मात्र नको: कूळ एकच, आणि सिट्रस सिला ही लिंबूवर्गीय झाडांवरची रस शोषणारी कीड कुंतीवरही पोसते.