‘मी’ की ‘ती’? लिहू पाहणाऱ्या पोरीची ऐतिहासिक कादंबरी

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवेचा निबंध दोन भागांत छापून आला. फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी; वेद तुमचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असा जाब विचारते. तो वाचून ज्यांच्या डोक्यात कादंबरी शिरली, त्यांतला मी एक. माझी नायिका मुक्ता नव्हे. तिच्याच शाळेतली, आपलंही नाव असं छापून यावं म्हणून झुरणारी, कल्पनेतली पोर. असलं काही तुमच्याही मनात असेल तर पहिला पेच निवेदनाचा: गोष्ट पोरीनंच ‘मी’ म्हणून सांगायची, की लेखकानं ‘ती’ म्हणून? मी दोन्ही करून पाहिलंय.

‘मी’त ऊब आहे, वाद नाही. तव्याच्या काजळीत बोट बुडवून ती भिंतीवर ‘ग’ काढते, तो प्रसंग ‘मी’मध्ये एका बैठकीत उतरला. ‘ती’मध्ये चारदा खरडला, तरी जरा लांबूनच दिसतो.

पण ‘मी’ म्हटलं की शब्दन्‌शब्द तिचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे काळ जुळतो) उशाशी घेऊन मी सात महिने काढले. इतकं करून एका पानाच्या माथ्यावर पोरीनं ‘दिनांक’ लिहिलेलं बायकोनं पकडलं. तो शब्द सावरकरांचा, आणि त्यांचा जन्मच १८८३चा! त्यानंतर स्वतःच्याच प्रत्येक ओळीचा संशय येऊ लागला. दिवसाला जेमतेम एक परिच्छेद, तोही भीत भीत. वर आणखी, तिनं घरची बोली लिहायची की शाळेतली पुस्तकी भाषा? बोली लिहिली तर शिकली काय, आणि पुस्तकी लिहिली तर तिची आई कुठे ऐकू येणार?

‘ती’मध्ये निवेदन आजच्या मराठीत खपतं, आई आपल्या बोलीत भांडते, पोर शाळेत अडखळत पुस्तकी बोलते. संवादांना कोश लागतोच, पण तेवढ्यापुरता.

तुमचा कान त्या काळाच्या गद्यावर माझ्यापेक्षा पक्का असेल, किंवा शंभरेक पानांतच आटपायचं असेल, तर ‘मी’ला नाही म्हणणार नाही. मी मात्र ‘ती’वर आलो. ‘मी’ शेवटी फक्त दीड पान ठेवलाय: तिनं लिहिलेला निबंध. त्या दीड पानाला पाच आठवडे लागले.