एक राउटर, तीन कॉम्प्युटर: कित्येक महिने एकत्र खेळल्यानंतरचा अनुभव

एकाच राउटरवरून तिघांना एकत्र ऑनलाइन गेम खेळता येतो का? येतो, आणि मस्त येतो. आम्ही तिघं भावंडं कित्येक महिने जवळपास रोज खेळतोय. तीन कॉम्प्युटर, एक फायबर कनेक्शन, एक राउटर. पण सुरुवातीचे दिवस फार वैतागाचे गेले, आणि तो वैताग ज्या गोष्टींमुळे संपला त्यांचा प्लॅनच्या स्पीडशी काडीचाही संबंध नव्हता. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

प्रत्यक्ष खेळताना गेम डेटा फारसा खातच नाही. नेहमीच्या ऑनलाइन गेमला एका खेळाडूमागे बहुतेक वेळा एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. तिघांचं मिळूनही साध्या ब्रॉडबँडला ते सहज झेपतं. गेमला हवं असतं पॅकेट, म्हणजे माहितीचा एकेक छोटा तुकडा, वेळेवर पोचणं, आणि घात होतो तो अपलोडच्या रांगेत.

आमच्याकडे हे अगदी डोळ्यांसमोर दिसलं. मी दोन कमांड विंडो उघडल्या, एकीत राउटरला पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं) आणि दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. राउटरचा पिंग १ मिलिसेकंद, बाहेरचा २० च्या आसपास. मग फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले. राउटरचा आकडा हलला नाही. बाहेरचा मात्र ९०, १८०, ३०० असा चढतच गेला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून धाकट्याची हाक आली, "ताई, काय लावलंयस? मी भिंतीत अडकलोय!" अपलोड थांबवलं, आकडा परत २० वर.

म्हणजे लाइन ठीक, तारा ठीक, सर्व्हरही ठीक. बाहेर जायची वाट भरली की राउटर किंवा मोडेम पॅकेट टाकून देण्याऐवजी बफरमध्ये साठवत बसतो, आणि गेमचं चिमुकलं पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे ताटकळतं. याला बफरब्लोट म्हणतात. घरात माणसं जास्त तितकी याची शक्यता जास्त, कारण कुणाचा ना कुणाचा बॅकअप चालू असतोच.

यावरचा इलाज म्हणजे एसक्यूएम, राउटरमधल्या या रांगेचं हुशारीने नियोजन. त्यामागचं एफक्यू-कोडेल हे तंत्र २०१८ साली आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून नोंदलं गेलं. केक हा त्याचा पुढचा भाऊ. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते आणि गेमसारख्या थोडंथोडं पाठवणाऱ्या प्रवाहाला अडकून पडावं लागत नाही. आमच्या आधीच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) चालेल असं मॉडेल बघून घेतलं आणि त्यावर केक लावलं. रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहावी म्हणून मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के मर्यादा घालायची. आता तोच अपलोड लावला तरी पिंग तिशीच्या आत राहतो. बदल्यात डाउनलोडचा कमाल स्पीड थोडा कमी होतो, आणि प्रोसेसरवर भार येत असल्यामुळे खूप वेगवान लाइनला दुबळा राउटर पुरत नाही. तरी हा सौदा मी डोळे झाकून करेन. एक मात्र बघा: आधी हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला वळसा घालून पॅकेट पुढे पाठवायची सोय) बंद करा, नाहीतर पॅकेट बाहेरच्या बाहेर निघून जातात आणि एसक्यूएमचा उपयोग होत नाही.

दुसरी डोकेदुखी नॅटची, म्हणजे घरातली सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे चालवायच्या राउटरच्या पद्धतीची. गेममध्ये एकाला नॅट 'ओपन' (मोकळं) दिसायचं, दुसऱ्याला 'स्ट्रिक्ट' (अडलेलं), आणि मग दोघं एका लॉबीत येईचनात. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा पत्ता एकच दिसतो, आणि बाहेरचा एक पोर्ट (त्या पत्त्यावरचं नंबर असलेलं दार) एका वेळी एकाच कॉम्प्युटरकडे वळवता येतो. कॉल ऑफ ड्यूटी ३०७४ हा पोर्ट वापरतो. तो हाताने एका कॉम्प्युटरला बांधून टाकला की दुसऱ्याची पंचाईत. बऱ्याच ठिकाणी डीएमझी (बाहेरून येणारं सगळं एका यंत्राकडे वळवणं) लावायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. तोही एकाच कॉम्प्युटरला लावता येतो आणि ते यंत्र उघड्यावर पडतं. आम्ही हाताने वळवलेले सगळे पोर्ट काढून टाकले, प्रत्येक कॉम्प्युटरला राउटरमधून कायमचा स्थानिक पत्ता दिला, यूपीएनपी चालू केलं आणि गेम एकामागून एक सुरू केले. गेम मग स्वतःच मोकळा पोर्ट मागून घेतो. राउटर रीस्टार्ट झाला की गेमही बंद करून उघडावा लागतो, एवढंच.

यूपीएनपीची एक बाजू मला अजून खटकते. घरातला कुठलाही प्रोग्राम न विचारता पोर्ट उघडू शकतो. म्हणून पाहुण्यांचे फोन आणि स्मार्ट टीव्ही वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर टाकलेत.

एवढं करूनही स्ट्रिक्टच दिसत असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीनेच एक पत्ता अनेक घरांत वाटलाय. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. मग घरात कितीही पोर्ट उघडा, काही होणार नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी (फक्त आपल्या घराचा बाहेरचा पत्ता) मागायचा, किंवा गेमला चालत असेल तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता, जो असा वाटून घ्यावा लागत नाही).

माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर घरातच चालवणार असाल तर बाहेरच्या मित्रांना पब्लिक पत्ता द्या, पोर्ट २५५६५; घरातल्यांनी मात्र १९२.१६८ वाला स्थानिक पत्ताच टाकायचा. काही राउटर आतून निघालेलं पॅकेट आपल्याच पब्लिक पत्त्यावरून परत आत वळवत नाहीत. तेव्हा बाहेरचे खेळत असतात आणि घरातल्यांना 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं.

वायफायबद्दल थोडक्यात: एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे तिघांपैकी जितके तारेवर जातील तितकं सगळ्यांचं भलं. कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते. आमचे दोन कॉम्प्युटर तारेवर आहेत, तिसरा ५ गिगाहर्ट्झवर. २.४ वर खेळू नका.

तारेचा आणखी एक फायदा झाला. २०२३ पासून स्टीममध्ये (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेमच्या फाइल घेता येतात. मोठा अपडेट एकाने उतरवला की बाकीच्यांना तो घरातल्या घरात मिळतो. डाउनलोडच्या सेटिंगमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते.

आणि दोघं एकाच खोलीत बसत असाल तर व्हॉइस चॅटमध्ये पुश-टू-टॉक (बटण दाबल्यावरच माइक चालू) लावाच. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून उशिरा जातो आणि बाकीच्या टीमला सगळं दोनदा ऐकू येतं.