अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट: मूळ तबकडी घ्यावी की रीइश्यू?

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या रॉक बँडचं ‘ऑब्सेशन ’७७’ घ्यायचं, इथवर तुमचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न खिशाचा वाटतो. मूळ तबकडी, की अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीने २०११ मध्ये काढलेला रीइश्यू, म्हणजे नव्याने छापलेली तबकडी? मलाही तो खिशाचाच वाटला होता. आज दोन्ही प्रती नौपाड्यातल्या घरात शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि माझा निर्णय पैशावर झालेला नाही.

मूळ प्रतीची ओढ मला पुरती समजते. सिम्ला बीट या बँडस्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर एकेका बँडच्या वाट्याला एकदोन गाणी येतात. इथे मुंबईच्या एका बँडला तबकडीच्या दोन्ही बाजू मिळाल्या. नावात ७७ असलं तरी ती बाजारात आली १९८१ मध्ये. तोवर शहरात नाझिया हसनच्या डिस्कोचे दिवस आले होते, फझ गिटारच्या खरखरीत आवाजाला कोण विचारणार? म्हणून ती हातात धरली की मला वाटतं, त्या काळाचा एक तुकडाच आपल्याकडे राहिला आहे. ते कव्हर, तो पिवळा पडलेला कागद, लेबलावर कुणीतरी पेनाने केलेली सही, हे रीइश्यूत मिळणार नाही.

माझी प्रत मला बरीच वर्षं शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून, सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारात हिंडल्यावर, ओळखीतल्या एका विक्रेत्याकडे मिळाली. चरांवर ओरखडा नाही. बुरशी होती, पण ठाण्यात राहून बुरशीला काय घाबरायचं! जुलैत आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतली, करकर बरीच कमी झाली. उरलेली करकर मला खुपतही नाही. चार गाण्यांनंतर कान ती बाजूला ठेवतात.

खुपलं ते वेगळंच. माझ्या प्रतीचं मधलं भोक मध्यावर नाही.

तबकडी ३३⅓ च्या वेगाने फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. भोक जेमतेम १ मिलिमीटर सरकलेलं असलं, तरी प्रत्येक फेऱ्यात सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. बाहेरच्या कडेला हा फरक पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, पण आत लेबलाजवळ पावणेदोन टक्क्यांच्या घरात जातो, कारण तिथे वर्तुळ लहान होतं. फरक छोटा, पण कान फसत नाही. ढोलकीवर चाललेल्या लावणीत हे कदाचित जाणवलंही नसतं. पण या संगीताचा जीवच लांबवलेल्या सुरात आहे. गिटारचा एकच सूर ताणून धरलाय, खाली ऑर्गन पसरलाय, आणि तो सूर होडीसारखा डोलतोय. आधी मला वाटलं, तो परिणाम मुद्दाम साधलेला असेल, त्या काळाची तशी रीतच होती. मग टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे पाहिलं, तर तो त्याच लयीत डावीकडे-उजवीकडे हलत होता. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यांत जास्त बिघडायचं.

यावर उपाय आहे. बारीक गोल कानस घेऊन भोक थोडं मोठं करायचं आणि तबकडी हाताने सरकवून मध्यावर आणायची. साध्या हिंदी चित्रपटाच्या रेकॉर्डवर मी ते केलंय, उत्तम जमतं. पण या प्रतीवर कानस लावायची? मोजून उरलेल्या प्रतींपैकी एकीवर? माझा हात धजला नाही. दुसऱ्या कुणा संग्राहकाला ती कधी द्यायची झाली, तर मोठं केलेलं भोक तो आधी पाहील. ऐकायची तर बिघडवायची, जपायची तर डोलणारी ऐकायची, अशी ती अडकून पडली.

म्हणून रीइश्यू मागवला. कस्टम्सचा भुर्दंड धरूनही मूळ प्रतीच्या तुलनेत तो स्वस्तच पडला. आवाज माझ्या कानाला किंचित उजळ वाटतो, गिटार पुढे आलेली. मूळ तबकडीतला जाड, जवळचा आवाज ज्यांना प्रिय आहे त्यांना ते कदाचित रुचणार नाही, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. पण पहिल्यांदाच सूर जागच्या जागी उभा राहिला. जे गाणं मी पाच वर्षं ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देत होतो, त्याचा शेवट त्या संध्याकाळी तीनदा ऐकला. त्या बँडवर मी नकळत अन्यायच करत होतो.

अनधिकृत प्रतींबद्दल एवढंच: वाजवणाऱ्यांपर्यंत पैसा पोचत नाही, नका घेऊ.

एखाद्याची मूळ प्रत अगदी सरळ फिरत असेलही. माझा अनुभव एकाच प्रतीचा आहे. तरी आज पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी आधी रीइश्यू घेईन आणि मूळ प्रत सावकाश शोधेन. ती सापडलीच, तर ओरखडे मागाहून पाहा. विक्रेत्याला कुठल्याही बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा, तो गावाबाहेरचा असेल तर व्हिडिओ मागा, आणि कान बंद ठेवून टोनआर्मकडे बघा. तो फेऱ्यागणिक डुलत असेल, तर ती प्रत भिंतीवर लावायला घ्या.