पिसवांवरचे मानेवर सोडायचे थेंब : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची चिंगी १३ किलो वजनाची देशी कुत्री आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिने शेपटीच्या बुडापाशी चावून चावून केस काढले, तेव्हा आम्ही आधी गोचीड शोधत बसलो. पशुवैद्यांनी बारीक दातांच्या फणीने तिची पाठ विंचरली आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले, तर त्यांच्याभोवती तांबूस वलय पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचेच पचलेले रक्त होते. त्यांनी फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रिन असलेले थेंब लिहून दिले. १० ते २० किलो वजनासाठीची १.३४ मिलिलिटरची नळी महिन्याला एक, अशा सात नळ्या वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

पहिल्या महिन्याबद्दल सविस्तर सांगते, कारण अनेक जण तिथेच औषधाला नावे ठेवून ते सोडून देतात, आणि मीही सोडणार होते. दोन दिवसांत चिंगीचे खाजवणे पुष्कळ कमी झाले; पण दहाव्या दिवशी दिवाणाजवळ उभी असताना माझ्याच पायांवर पाच-सहा पिसवा उड्या मारताना दिसल्या. औषध नकली असावे, असे वाटून मी तडक दवाखाना गाठला, आणि तिथे मला या किड्याचे जीवनचक्र प्रथमच नीट समजले. कुत्र्यांच्या अंगावरही बहुधा मांजरपिसूच असते. तिची मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला ४०-५० पर्यंत घालू शकते. ही गुळगुळीत अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. जनावर जिथे झोपते तिथे गळून पडतात. अळ्या उजेड टाळून सतरंजीच्या विणीत आणि फरशीच्या फटींत शिरतात, वरून पडणाऱ्या त्याच रक्ताळ विष्ठेवर वाढतात आणि शेवटी चिकट कोश विणतात. त्यावर धूळ बसली की तो दिसेनासा होतो आणि फवारलेले औषधही आत फारसे पोहोचत नाही. आतली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही थांबून राहते, आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. मला दिसलेल्या पिसवा औषध सुरू होण्याआधी पडलेल्या अंड्यांतून आलेल्या होत्या.

फिप्रोनिल त्वचेच्या तेलातून अंगभर पसरते आणि पिसूच्या मज्जासंस्थेवर काम करते. मेथोप्रिन मोठ्या पिसूला मारत नाही, ते अंडी आणि अळ्यांची वाढ रोखते. म्हणून माझ्या मते खरे महत्त्व या दुसऱ्या द्रव्याला आहे. तरीही आधीच घरात साचलेल्या कोशांसाठी आम्ही दिवसाआड दिवाणाखाली आणि कोपऱ्यांत व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, त्याची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकली आणि चिंगीची गोधडी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतली. एवढे कष्ट घ्यायची तयारी नसेल, तर नुसत्या थेंबांकडून फार लवकर अपेक्षा करू नये.

ऑगस्टची चूक माझी होती. थेंब सोडण्याआधी आणि नंतर ४८ तास अंघोळ घालायची नसते. मी चिखलाने माखलेल्या चिंगीला दुसऱ्याच दिवशी शाम्पू लावला आणि पंधरवड्यात फणीत पुन्हा काळे कण आले. सप्टेंबरमध्ये तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले. ते पट्टकृमीचे होते. अंग चावताना कुत्रे पिसू गिळते आणि तिच्यातून हा जंत पोटात जातो. थेंबांचा त्यावर उपयोग नाही, त्यासाठी वेगळी गोळी द्यावी लागली. ऑक्टोबरनंतर जो फरक पडला, त्याचे सगळे श्रेयही मी या औषधाला देणार नाही, कारण पिसूच्या अळ्यांना दमट हवा लागते आणि पुण्यातली हवा तोवर कोरडी होऊ लागते.

गैरसोयी आहेत. मानेवरचे केस दोन दिवस तेलकट राहतात, आणि थेंब सुकेपर्यंत लहान मुलांना कुत्र्यापासून लांब ठेवावे लागते. केस बाजूला सारून थेट त्वचेवर न सोडल्यास औषध केसांवरच वाया जाते. घरात मांजर असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगते: कुत्र्याचे औषध तिला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरीच्या जिवावर बेतते. सशांना फिप्रोनिल चालत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटापासून फणीत एकही काळा कण आलेला नाही. मात्र आमच्या जिन्याखाली जुन्या पोत्यांवर भटकी मांजरे झोपतात आणि चिंगी रोज तिथूनच जाते. पोती आम्ही काढून टाकली आहेत. मांजरांच्या उपचारांसाठी सोसायटीत वर्गणी जमवणे चालू आहे. ते होईपर्यंत थेंब थांबवणार नाही, आठवी नळी आणून ठेवली आहे.